डावीकडचं चित्र

काका,

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर तुमचा जो फोटो छापलाय, तो अगदी समोरून काढलेला आहे. त्यात तुमचे दोन्ही डोळे सारखे दिसतात. खाली 'हसतमुख, मनमिळाऊ, हरहुन्नरी' असं लिहिलंय. यातला एकही शब्द खोटा नाही, तरी ती पत्रिका हातात घेतली की माझं डोकं तापतं. त्या फोटोतल्या डाव्या डोळ्याला गेली पाच वर्षं काही दिसत नव्हतं. हे फक्त दोन माणसांना माहीत होतं, तुम्हाला आणि काकूंना. मला कळलं ते तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी.

मी दोन वर्षं तुमच्या घरी राहिले. दोन कॉम्प्युटर, दोन प्रोजेक्टर आणि पोतंभर कागदी चष्मे घेऊन तुमच्याबरोबर शाळाशाळांत थ्री-डी फिल्म दाखवत फिरले. थ्री-डी हा सगळा दोन डोळ्यांचा कारभार असतो. आणि तुम्ही मला त्यात सोबतीला घेतलंत, शिकवलंत, माझ्याशी भांडलात, पण एक वाक्य सांगितलं नाहीत.

रागात लोक सरळ 'तू' वर येतात. मला तेही जमत नाही. घरात लहानपणापासून तुम्हाला 'तुम्ही'च म्हणत आले, आता चिडून तरी कसं बदलणार? तेव्हा 'तुम्ही'च म्हणते. पण राग कमी आहे असं समजू नका.

इंजिनिअरिंगची डिग्री झाल्यावर मी बुलढाण्याला घरी बसून होते. इंटरव्ह्यूला गेले की माझा आवाज घशातच राहायचा. इंग्लिश मीडियमची मुलगी, आणि इंग्रजीत दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून बाबा नातेवाइकांपुढे माझा विषयच काढायचे नाहीत. तुम्ही मात्र फोनवर त्यांना म्हणालात, "दे पाठवून तिले आमच्या बीबी गावाले. माझ्याकडं दोन कॉम्प्युटर हायेत अन् मले एकच समजते."

लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर तुमचं घर चालत होतं. थ्री-डी हा तुमचा स्वतःचा नाद. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवून तुम्ही मला नाकासमोर बोट धरायला लावलं होतं. "एक डोळा झाक. आता तो उघड अन् दुसरा झाक. बोट हललं का नाही? दोन डोळ्याले दोन येगळे चित्रं दिसतेत. मेंदू ते एकत्र करते. त्यालेच खोली म्हनतेत." मग स्वतः करून दाखवलंत. उजवा डोळा मिटलात तेव्हा तुमचं बोट भलतीकडेच सरकलं. मी हसले. तुम्हीही हसलात. काका, त्या क्षणी तुमच्यासमोर अंधार होता ना? आणि तुम्ही हसत होतात.

आपलं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगते, नाहीतर माझा राग कोणाला कळणार नाही. एका लाकडी फळीवर तुम्ही दोन कॅमेरे बसवले होते, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. लोणारचं सरोवर फार मोठं, काठावरून दोन डोळ्यांनी पाहिलं तरी पलीकडची बाजू सपाट चित्रासारखी वाटते. म्हणून दोन कॅमेऱ्यांत तुम्ही दीड हाताचं अंतर ठेवलंत, म्हणजे राक्षसाच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं ते खोल दिसेल. मग डाव्या कॅमेऱ्याची फिल्म एका कॉम्प्युटरवर आणि उजव्याची दुसऱ्यावर. एकावर एक ठेवलेले दोन प्रोजेक्टर. प्रत्येकाच्या तोंडाशी एक फिल्टर, आणि बघणाऱ्याच्या चष्म्यात तसेच दोन, म्हणजे ज्या डोळ्याचं चित्र त्याच डोळ्याला दिसतं. पडद्यासाठी प्लायवूडला चंदेरी रंग मारलेला, कारण साध्या कापडावर हा खेळ चालत नाही.

हे सगळं जमतं, पण एका अटीवर. दोन्ही कॉम्प्युटर एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत आणि शेवटपर्यंत बरोबर चालायला हवेत. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. एक बाजू चार-पाच चित्रं जरी मागे राहिली, तरी उडणारा पक्षी थरथरतो, चालणाऱ्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटतात आणि बघणाऱ्याचं कपाळ दुखायला लागतं.

तुम्ही वाटणी केली होती. "डावं तुझं, उजवं माझं." डाव्या कॅमेऱ्याची फिल्म मी साफ करायची, तिचा रंग उजव्याशी जुळवायचा, तिची चौकट रेघेनं रेघ लावून घ्यायची. शोच्या वेळी डाव्या कॉम्प्युटरवर मी बसायची. उजव्यावर तुम्ही. आणि सुरू करायची तुमची पद्धत म्हणजे, "एक, दोन, अन् हाण!"

या 'हाण' वरून आपण किती भांडलो. तुम्ही 'अन्' वरच बटण दाबायचात. मी 'हाण' संपल्यावर. मी मोजून दाखवलं होतं, तुम्ही दर वेळी तीन-चार चित्रं पुढे असायचात.

"मंग तू बी लवकर दाब ना बे."

"मी कशाला? तुम्ही बरोबर दाबा."

"माह्या लग्नापासून म्या कोनाच्या हिशोबानं चाललो नाही."

आतून काकू ओरडायच्या, "माह्या हिशोबानं चाललं असते त आज माडी असती!"

हसण्यावारी जायचं सगळं. पण मला खरंच ते नीट व्हायला हवं होतं. मी तीन आठवडे बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन कॉम्प्युटरना तारेनं जोडायचं. डावा दर सेकंदाला उजव्याला सांगणार की मी इथे आहे, आणि उजवा पुढे-मागे झाला असेल तर स्वतःला सावरून घेणार. एकच बटण, एकच माणूस. मी आयुष्यात स्वतःहून केलेलं ते पहिलं काम होतं, आणि ते चालत होतं. तुम्हाला दाखवलं. चष्मा लावून तुम्ही पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पहिल्यात अन् यात मले त काही फरक दिसत नाही."

मी म्हटलं, "काका, नीट बघा. पाण्यावरचा बगळा बघा."

"पाह्यला. बगळाच हाय."

मग हसून म्हणालात, "तार लावली त मंग तू कशाले पाहिजे?"

त्या रात्री मी जेवले नाही, हे तुम्हाला आठवत असेल. काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं. मला वाटलं, माझं काम तुम्हाला क्षुल्लक वाटतं. नंतर वाटलं, मुलीनं केलंय म्हणून. खरं कारण माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. एका डोळ्यानं पाहणाऱ्याला फरक दिसतच नाही, हे थ्री-डीच्या सगळ्या पुस्तकांत पहिल्या पानावर असतं. पण थ्री-डी दाखवणाऱ्यालाच एक डोळा नसेल, हे कुठल्याच पानावर नाही.

मी गप्प असते, म्हणून लोकांना वाटतं मला सगळं दिसतं. मलाही तसं वाटायचं. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच तुम्ही चहा ओतायचात, ते मी पाहिलं होतं. कुठल्याही कार्यक्रमात रांगेच्या अगदी डाव्या टोकाला बसायचात, म्हणजे सगळी माणसं उजव्या हाताला येतील. डावीकडून कोणी हाक मारली तर नुसती मान नाही, अख्खे वळायचात, एखाद्या पुढाऱ्यासारखे. मी हे सगळं बघितलं आणि त्याला 'काकांची स्टाईल' म्हणून सोडून दिलं.

आणि गाडीवर तुमचा तो प्रश्न. मी मागे बसलेली असायची, मांडीवर फिल्टरचा डबा, बाकी सामान रिक्षातून पुढे गेलेलं. कुठलाही फाटा आला, चौक आला, की तुम्ही विचारायचात, "डावीकडून कोनी येते का?" मी आधी नुसती मान हलवायची. तुम्ही गाडी थांबवायचात. "मान मले मागून दिसते का? तोंडानं बोल." मग मी म्हणायची, "नाही येत कोणी." "जोरात." "नाही येत!" मग गाडी पुढे.

मी बाबांना कौतुकानं सांगितलं होतं की काका मला बोलती करायला बघतात. दोन वर्षांत माझा आवाज खरंच उघडला. आता भेटायला येणारे सगळे मला हेच सांगतात. "तुला धीट केलं त्यांनी." मी ऐकून घेते. काका, मला त्यांना सांगावंसं वाटतं की धीट-बीट काही नाही, त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. त्यांना एक डोळा हवा होता आणि मी तो फुकट वापरायला दिला होता.

आता त्या शाळेतल्या शोबद्दल. तेव्हा गाडीवर तुम्ही तो विषय एका वाक्यात संपवलात. आता बसा.

आपल्याला पोहोचायला उशीर झाला होता. पाहुणे येऊन बसले होते. शो सुरू करण्याआधी मी नेहमी एक कार्ड लावायची, डाव्या डोळ्याला लाल गोल आणि उजव्याला हिरवा चौकोन. एकेक डोळा मिटून बघितलं की फिल्टर बरोबर आहेत की नाही ते कळतं. त्या दिवशी फिल्टर तुम्ही लावलेत. मी म्हटलं, "कार्ड लावून बघू." तुम्ही म्हणालात, "म्या लावले ना? बरोबर हायेत. चाल, एक, दोन..."

फिल्टर उलटे होते. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला जात होतं आणि उजव्याचं डाव्याला. मला पहिल्या दहा सेकंदांत कळलं. पुढची बाभूळ मागे गेली होती, पलीकडचा काठ अंगावर आला होता, आणि मधलं सरोवर खाली जायच्या ऐवजी टेकाडासारखं फुगून वर आलं होतं. मी तुमच्या कानाशी येऊन म्हटलं, "काका, उलटं आहे." तुम्ही चष्मा लावला, बघितलंत आणि म्हणालात, "बरोबर हाय. चालू दे."

मी चालू दिलं. हे माझं. एवढ्या लोकांसमोर उठून प्रोजेक्टर बंद करायची माझी हिंमत झाली नाही. बारा मिनिटं ते तसंच चाललं. मुली डोळे चोळत होत्या. एका बाईंना मळमळलं म्हणून त्या बाहेर गेल्या. संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, खड्डा कुठाय? आम्हाला तर डोंगर दिसला."

आणि तुम्ही माईक घेतलात. "आमच्या इंजिनिअर बाईनं घाईघाईत तारा उलट्या लावल्या. इंग्लिश मीडियम हाय ना, डावं-उजवं इंग्रजीत शिकली."

सगळे हसले. पाहुणे हसले. मी डाव्या कॉम्प्युटरमागे उभी होते आणि माझे कान इतके गरम झाले होते की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

येताना गाडीवर मी बोलले नाही. फाटा आला, तुम्ही विचारलंत, "डावीकडून कोनी येते का?" मी गप्प. तुम्ही गाडी थांबवलीत. मी म्हटलं, "फिल्टर तुम्ही लावले होते."

तुम्ही म्हणालात, "तुले लोक हासून सोडून देतेत. पोरगी हायेस, शिकून राह्यली म्हनतेत. माहा धंदा हाय. मले कोन सोडते?"

"म्हणून माझ्यावर ढकलायचं?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली?"

एवढीशी गोष्ट. मी दुसऱ्या दिवशी बॅग भरली. तुम्ही बसस्टँडवर सोडायला आलात, खिडकीतून मला केळी दिलीत, आणि म्हणालात, "राग गेला की ये." राग गेला नाही. चार महिने मी तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही केलेले दोन मी घेतले नाहीत. तिसरा तुम्ही केलाच नाहीत.

मग बाबांना फोन आला. सकाळची वेळ, लख्ख ऊन, बीबीचा फाटा. तुम्ही गाडी हायवेवर घेत होतात आणि डावीकडून टेम्पो आला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

टेम्पोवाल्याला लोकांनी बेदम मारलं. तो सांगत होता की मी हॉर्न दिला, दोनदा दिला, ते माझ्याकडे बघतच नव्हते. कोणाला पटलं नाही. एवढा सांभाळून गाडी चालवणारा माणूस येणारा टेम्पो कसा बघणार नाही? मलाही पटलं नव्हतं. मीही त्याला मनात शिव्या दिल्या.

पाचव्या दिवशी काकूंना काही कागद घेऊन लोणारला जायचं होतं. मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघाले. तोच फाटा. मी गाडी हळू केली. आणि काकू मागून, अगदी सवयीनं, जसं कोणी पदर सावरतं तसं, म्हणाल्या, "डावीकडं मोकळं हाय, चाल."

मी चालले नाही. गाडी कडेला घेतली, उतरले. काकूंच्या लक्षात आलं होतं काय झालं ते. त्या सीटवरच बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीत.

"काकू, तुम्ही असं का म्हणालात?"

"सवय हाय माय."

"कशाची सवय?"

त्या फाट्याकडे बघायला लागल्या. मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "कशाची सवय, काकू?"

मग त्यांनी सांगितलं. एका वरातीत शूटिंग करताना फटाक्याची ठिणगी डोळ्यात गेली होती, ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. डोळा बरा झाला, हेही सगळ्यांना माहीत होतं. तो बरा झालाच नव्हता. "डॉक्टरनं सांगतलं, आता यात काही नाही. घरी आले अन् मले म्हने, कोनाले सांगू नको. एका डोळ्याच्या मानसाले कोन लग्नाची शूटिंग देते? कोन गाडी चालवू देते? म्या माह्या आईलेबी सांगतलं नाही."

"आणि मला?"

"तुले सांगाचं होतं त्याले. त्या शाळेतून आल्यावर रातभर म्हने, पोरीले सांगतो, सकाळी सांगतो. सकाळी तू बॅग भरत होती."

फाट्यावरून गाड्या जात होत्या. मी म्हटलं, "मग बसस्टँडवर सांगायचं ना. केळी देता आली, हे नाही सांगता आलं?"

काकू म्हणाल्या, "मानसाले केळं देनं सोपं असते."

परत आल्यावर मी तुमच्या खोलीत गेले. दोन्ही कॉम्प्युटर तसेच होते. उजवा सुरू केला. काका, त्यावर माझा प्रोग्रॅम बसवलेला होता. मी असताना ज्याला तुम्ही हात लावला नाहीत, तोच. दोन्हींमध्ये तार जोडलेली होती. मी गेल्यानंतर तुम्ही पाच शो केले होते, पाचही माझ्या प्रोग्रॅमवर, एकट्यानं, एका बटणावर. नोंद होते त्यात, मीच तशी सोय केली होती. मला समोर बसवून 'छान झालंय' म्हणणं जमलं नाही. मी गेल्यावर वापरणं जमलं.

मग फिल्टरचा डबा उघडला. डाव्या फिल्टरच्या कडेला तुम्ही एक लाल दोरा बांधला होता. तीन गाठी मारून. बोटाला लागावा म्हणून. म्हणजे फिल्टर कोणी उलटे लावले होते, हे तुम्हाला पक्कं कळलं होतं. पुन्हा चूक होऊ नये म्हणून तुम्ही खबरदारीही घेतलीत. दोरा बांधायला तुम्हाला वेळ होता. बसून तीन गाठी मारायला वेळ होता. मला तिसरा फोन करायला नव्हता.

मला माहीत आहे, मीही दोन घेतले नव्हते. ते मी माझ्याजवळ ठेवून घेतलंय, त्याचं काय करायचं ते मी बघीन. आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, भन्तेजी बोलले, लोक बोलले. काकू पांढऱ्या साडीत तुमच्या फोटोशेजारी बसल्या होत्या. त्यांनी आधीच मला सांगून ठेवलं होतं, "जेवनाच्या आधी त्याची फिलिम लाव. अन् माही टाळी काटू नको."

टाळीचंही सांगायला हवं. शूटिंग सुरू केलं की दोन्ही कॅमेऱ्यांसमोर उभं राहून काकू एकदा टाळी वाजवायच्या. तिच्यावरून मी नंतर दोन्ही फिल्म जुळवायची आणि टाळीचा तुकडा कापून टाकायची. या वेळी नाही कापला.

मी पडदा लावला, प्रोजेक्टर लावले, फिल्टर लावताना दोऱ्याची गाठ बोटाला लागली. कार्ड लावून तपासलं. चष्मे वाटले. आणि तेच मुख्याध्यापक, पहिल्या रांगेत बसलेले, प्रेमानंच म्हणाले, "काय इंजिनिअर बाई, या वेळी तारा बरोबर लावल्या ना?"

आजूबाजूचे लोक हळूच हसले. तुमच्या फोटोसमोर, काका. तुमचा विनोद तुमच्याहून जास्त टिकला.

मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो सर." आणि बटण दाबलं.

पडद्यावर काकू आल्या, सरोवराच्या काठावर, वाऱ्यानं पदर उडतोय. त्यांनी टाळी वाजवली. कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज आला, "जोरात वाजव ना, जेवली नाही का?" अख्खं विहार हसलं. काकूही हसल्या आणि मग त्यांनी चष्मा काढून तोंडावर पदर घेतला. मग सरोवर उघडलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीनं बसल्या जागी दोन्ही पाय वर ओढून घेतले, जणू खाली पडेल. दोन्ही कॉम्प्युटर चित्राला चित्र लावून चालले होते. बगळा पाण्यावरून गेला, एकदाही थरथरला नाही.

तेव्हा मी चष्म्याआड माझा डावा डोळा मिटला.

मला वाटलं होतं काहीतरी बिघडेल, अर्धवट दिसेल. तसं काहीच झालं नाही. चित्र स्वच्छ होतं. सपाट, पण स्वच्छ. काठ, पाणी, बाभूळ, सगळं जागच्या जागी. मी हात लांबवून डाव्या प्रोजेक्टरच्या तोंडासमोर धरला. लोकांनी "अरे, काय झालं" म्हटलं. माझ्या उजव्या डोळ्यासमोर मात्र काहीही बदललं नाही. डावीकडचं अख्खं चित्र गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. दोन वर्षं मी ज्याचा रंग जुळवला, ज्याची रेघ न् रेघ लावली, ते सगळं माझ्या तळहातावर पडत होतं, आणि पडद्यावर सगळं कसं छान चाललं होतं.

चष्मा लावून तुम्ही हे बघत होतात. म्हणून तर 'बगळाच हाय' म्हणालात. तुम्ही माझं काम एकदाही पाहिलं नाही, काका. एकदाही नाही.

हात काढला. लोक पुन्हा शांत झाले. आणि मला आठवलं की शोच्या वेळी तुम्ही कधीच पूर्ण वेळ पडद्याकडे बघायचा नाहीत. खुर्ची फिरवून लोकांकडे तोंड करून बसायचात. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणालात, "फिलिम त काय, पाह्यलेलीच हाय." मी मागे वळून लोकांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं उघडी. आजी अजून पाय वर घेऊन बसलेली. तुमच्यासाठी खोली तिथे होती, हे मला कळलं. कळलं म्हणून मी लगेच माफ करीन असं नाही. पण पुढची दहा मिनिटं मीही पडद्याकडे पाहिलं नाही.

लोक गेल्यावर आम्ही दोघी तारा गुंडाळत होतो. काकू म्हणाल्या, "मास्तरले काऊन सांगतलं नाही?"

"तुमच्याकडे बघून."

त्यांनी तार मनगटावर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "त्यानं म्हनलं कोनाले सांगू नको, म्हनून म्या पाच वर्षं सांगतलं नाही. सांगतलं असतं त त्याची गाडी काढून घेतली असती तुम्ही लोकानं. रागावला असता. बोलला नसता माह्याशी. पर घरात असता." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या टेम्पोवाल्याचा हात मोडला म्हनतेत. त्याले बी घर असंल. तू लिहीत असते ना काही? लिही."

"इंग्रजीत लिहिते मी."

"मंग मराठीत लिही. मले वाचता आलं पाहिजे."

म्हणून हे मराठीत. काकूंना काल ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. मुख्याध्यापकांच्या घरी हे पत्र त्या स्वतः नेऊन देणार आहेत, आणि टेम्पोवाल्याच्या गावी मी जाणार आहे. वाचणाऱ्यांसाठी सरळच लिहिते: त्या दिवशी शाळेत तारा बरोबर होत्या. फिल्टर काकांनी लावले होते आणि ते उलटे आहेत हे पडद्याकडे बघून त्यांना कळू शकत नव्हतं. फाट्यावर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला असणार, पण टेम्पो त्यांच्या बंद डोळ्याच्या बाजूनं आला. यात काकांची बदनामी होते असं कोणाला वाटलं तर वाटू दे. एका डोळ्यानं हे सगळं उभं करणारा माणूस आपल्या गावात होता, हे त्यांनी लपवायला नको होतं.

उजव्या कॉम्प्युटरवर आता काकू बसणार आहेत. एका बटणावर काम होतं, दुसऱ्या माणसाची गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले मोजायले त ठेव." पहिला शो त्याच शाळेत आहे. फिल्टर मी लावणार. लाल दोरा सोडणार नाही.

आणि काका, डावीकडचं चित्र चांगलं होतं. तुम्हाला ते दिसत नव्हतं, तर मला विचारायचं होतं. फाट्याफाट्यावर विचारत होतातच की. मी दर वेळी बघून सांगितलं होतं, आणि एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.